चिकूच्या खळ्यावरची वर्तुळं

नयना पागधरे पडली तेव्हा तिथे वाडीवरचा गडी सुदाम एकटाच होता, आणि तोही पाठमोरा. वाडीच्या टोकाला तो पेट्या रचत होता. आधी चाकांचा खरखराट थांबला, मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला. त्याला वाटलं, वाळलेली झावळी पडली. वळून बघतो तर बाई सिमेंटवर बसलेल्या, आणि उजव्या पायाचं पाऊल भलतीकडेच तोंड करून होतं.

"बाई, काय झालं?"

"पाय गेला वाटतं, सुदामभाऊ," नयना म्हणाली. आवाज शांत होता. दुखणं अजून वरपर्यंत पोचलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारची सकाळ होती ती. डहाणूच्या किनाऱ्याकडल्या त्या जुन्या चिकूवाडीत घराच्या मागे सिमेंटचं मोठं खळं आहे. एके काळी चिकूच्या फोडी त्यावर वाळत घालत. आता फळ पेट्यांत भरून थेट बाहेर जातं आणि खळं वर्षभर उघडं पडून असतं. वाडीचे मालक मुंबईला असतात. त्यांच्या परवानगीने नयना गेली चार वर्षं दर रविवारी तिथे यायची. पिशवीतून पांढरे बूट काढायची, बुटांखाली चार-चार चाकं, पुढे रबरी ठोकळा. टीव्हीवर बर्फात ज्या गिरक्या न् उड्या दिसतात, त्याच ही बाई सिमेंटवर चाकांवर करायची. वय सत्तेचाळीस. नोकरी वेवजीच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गावर.

त्या सकाळी चूक तिचीच झाली होती. समुद्राजवळच्या सिमेंटवर थंडीत दव धरतं. एरवी ती आधी गोणपाट घेऊन सगळं खळं पुसायची. त्या दिवशी रविवार असूनही दुपारी शाळेची मीटिंग होती, म्हणून घाई केली. डाव्या पायावरून उडी घेतली, हवेत अर्धी गिरकी नीट झाली, आणि उजवा पाय खाली टेकला तो थेट ओल्यावर.

सुदामने चिकूच्या टेम्पोत पेट्या सरकवून जागा केली, खाली पोतं अंथरलं, आणि ड्रायव्हरच्या मदतीने तिला उचलून ठेवलं. दोन्ही बाजूंना कच्च्या चिकूंच्या पेट्या. त्या वासाने तिला एकाएकी अकरा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. वेदनेतही डोळ्यांपुढे आल्या त्या फ्रेनी आंटी.

फ्रेनी आंटी म्हणजे या वाडीच्या मूळ मालकीणबाई. उंच, हडकुळ्या, गुडघ्याखाली फ्रॉक आणि डोक्याला रुमाल. तरुणपणी मुंबईत स्केटिंग शिकलेल्या. लग्न होऊन डहाणूला आल्या त्या ट्रंकेत चाकांच्या बुटांचे दोन जोड घेऊन. नयनाचे वडील रेल्वेत होते. शाळेला सुट्टी असली की, अगदी रविवारीही, ती जवळच्याच धाकट्या डहाणूला आजोळी जायची. आजीने वाळवलेले बोंबील वाडीवर पोचवायला एकदा ती गेली आणि चाकांवर चालणारी ती बाई बघून तिथेच खिळली. आंटींनी बोंबील घेतले आणि विचारलं, "तारे करवू छे?" नयनाला गुजराती पुरतं येत नव्हतं, पण 'तुला करायचंय का?' एवढं कळलं.

पुढची सहा वर्षं पावसाळा सोडून दर रविवारी ती जायची. फोडी वाळत असल्या तर त्या एका कडेला सारून अर्धं खळं मोकळं करायचं. आंटी खडूला दोरी बांधून जमिनीवर मोठं वर्तुळ काढायच्या, त्याला चिकटून दुसरं. इंग्रजी आठचा आकडाच. "आ रेघ सोडायची नाय, दीकरी. एक पगावर आखो चक्कर." एका पायावर अख्खं वर्तुळ, मग दुसऱ्या पायावर दुसरं. नयनाला उड्या शिकायच्या होत्या. आंटी म्हणायच्या, "उडी तो माकडला पण येते. चक्कर कर." दोन पोरी आणखी यायच्या, त्या कंटाळून गेल्या. नयना राहिली. तिला तो आवाज आवडायचा, एका पायाच्या चाकांचा सिमेंटवरचा बारीक, लांबच लांब ओढला जाणारा.

पुढे डीएड, नोकरी, लग्न, श्रुतिका. आंटी थकल्या, आणि एका उन्हाळ्यात गेल्या. नयना तेव्हा दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली होती, तिला दहाव्या दिवशी कळलं. ती रुखरुख राहिलीच. श्रुतिका शिकायला वसईला गेली, घर लवकर आवरून व्हायला लागलं, तेव्हा तिने फोनवर बूट मागवले. मापाला एक नंबर मोठे निघाले. तिने दोन मोजे घातले आणि खळ्यावर जाऊन उभी राहिली. पाय विसरले नव्हते.

वापीच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं होतं. धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. डॉक्टर तरुण होता. "सायकलवरून पडलात का?" त्याने विचारलं. नयनाने खरं सांगितलं. त्याने मान वर करून एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सहा आठवडे पाय टेकायचा नाही. मग बघू."

नवरा शांताराम रेल्वेच्या सिग्नल खात्यात. बोलणं मोजकं. हॉस्पिटलातून घरी आल्यावर त्याने तिला खुर्चीत बसवलं, पायाखाली दोन उशा दिल्या, आणि बुटांची पिशवी उचलून माळ्यावर टाकली. शिडी परत जागेवर ठेवताना म्हणाला, "आता पुरे, नयना."

तिलाही तेच वाटत होतं.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. शाळेतल्या बाया आल्या, कॉलनीतल्या आल्या. प्रत्येकीच्या तोंडी थोड्याफार फरकाने एकच, या वयात हे कुठून सुचलं? शाळेतल्या संगिताबाईंनी तर समजावलंच, "आपण आता गुडघे सांभाळायचे, नयनाताई. चाकं कसली लावताय!" ती हसून वेळ मारून नेई. दुपारी सगळे गेल्यावर खिडकीतून मालगाड्या बघत बसे आणि तिच्या मनात त्या उडीचा तेवढा क्षण पुन्हा पुन्हा फिरे, पाय टेकला आणि खाली काहीच नव्हतं तो. अंगाला दरदरून घाम फुटे. हाड जुळत होतं, पण हे काही जुळत नव्हतं.

सातव्या आठवड्यात प्लास्टर निघालं. आतला पाय बघून तिला रडू कोसळलं. काठीसारखा पोटरीचा भाग, कातडी पांढुरकी, घोटा सुजून एकसारखा. फिजिओथेरपीला सुनिता नावाची मुलगी घरी यायची. तिने सांगितलं, "मॅडम, पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची. घोटा फिरला पाहिजे."

"कुठली अक्षरं?"

"कुठलीही. एबीसीडी काढतात सगळे."

"मी पहिलीची बाई आहे," नयना म्हणाली. "मी अ आ इ ई काढणार."

आणि तिने काढली. रोज सकाळी पलंगावर पाय लांबवून अ पासून ज्ञ पर्यंत. 'ग' सोपा, 'ट' सोपा. 'क्ष' आला की घोट्यातून कळ मस्तकात जायची. मुलांची बोटं पेन्सिल धरताना का थकतात, हे तिला एकोणीस वर्षांनंतर कळलं. श्रुतिका फोनवर विचारायची, "आई, कुठपर्यंत आलीस?" आणि नयना खरं सांगायची, "आज 'झ'पाशी सोडलं."

मार्चअखेर ती शाळेत रुजू झाली, हातात काठी. चालता येत होतं. खळ्यावर मात्र ती गेली नाही. एकदा रिक्षा त्या वाडीवरून गेली तेव्हा तिने मान दुसरीकडे वळवली.

मे महिन्यात सुट्टी लागल्यावर दारात लहान्या आला. वेवजीचा, तिच्या वर्गातल्या जमनाचा आजा. खांद्यावर पिशवीत ताडगोळे, केळीच्या पानात बांधलेले. वय साठीच्या आसपास, अजून ताडावर चढणारा.

"मास्तरीण बाय, जमना सांगं, तुमचा पाय मोडला. येवाचा होता कवाचा. आता ताडगोळे निघाले, मनलं घेऊनच जाव."

नयनाने त्याला बसवलं, चहा केला. त्याने तिचं चालणं नीट बघून घेतलं. मग आपली लुंगी जराशी वर करून नडगी दाखवली. हाड मध्येच उंचवटा धरून जुळलं होतं.

"माझा पन मोडला. ताडावरनं पडलो. चौदा वर्सां झाली."

"आणि पुन्हा चढलात?"

लहान्याने चहा बशीत ओतला. त्याला घाई नव्हती. "पाय तं जुळला, बाय. हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या, तीन महिन्यात उभा ऱ्हायलो. पन झाडाजवळ गेलो का छाती धडधड करं. घरात कोनाला सांगलं नाय. सकाळी दोर घेऊन निंगायचा, झाडाखाली बसायचा, बिडी वढायचा, परत यायचा."

"किती दिवस?"

"दिवस काय मोजले नाय. पावसाळा गेला. मंग एक दिवस दोर बांधला न् सोडला. दुसऱ्या दिवशी मानसाएवढा चढलो, उतरलो. असाच." त्याने बशी खाली ठेवली. "ज्या झाडावरनं पडलो ना, त्या झाडावर नाय चढलो परत. आजपन नाय."

"का?"

"कशाला?" लहान्याला प्रश्नच कळला नाही. "बाकीची झाडां हायत की."

तो गेल्यावर नयना कितीतरी वेळ बाहेरच्या पायरीवर बसून होती. इतके दिवस तिला वाटत होतं, परत जायचं तर ती उडी पुरी करायला जायचं. नाहीतर हरलो. लहान्याच्या बोलण्यात हरणं-जिंकणं नव्हतंच. आणि मग तिला आंटींचं ते जुनं नेहमीचं वाक्य आठवलं, माकडाचं, आणि एकटीच असताना ती मोठ्याने हसली. तीन दशकांपूर्वी त्या बाईने दिलेली वर्तुळंच तर होती तिच्याजवळ. उड्या ती नंतर व्हिडिओ बघून शिकली होती, चाळिशीत, आंटी गेल्यावर.

संध्याकाळी शांताराम आला. तिने सरळ सांगितलं, "अहो, पिशवी खाली काढून द्या. उड्या मारणार नाही. पण मला जायचंय."

तो हातपाय धुऊन आला, जेवला, आणि झोपायला गेला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याने शिडी लावली. पिशवी हातात देताना म्हणाला, "त्या दिवशी हॉस्पिटलात तुला आत नेलं ना, तेव्हा माझे पाय लटपटत होते. तुला सांगितलं नाही."

"मला ठाऊक होतं," नयना म्हणाली.

"मी येईन सोबत."

पावसाळ्यात खळं शेवाळलेलं, तेव्हा काही जाता आलं नाही. ते चार महिने तिने घरातच एका पायावर उभं राहण्यात घालवले, आधी ओट्याला धरून, मग न धरता. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत उजव्या पायावर. सप्टेंबरात घोटा जड पडायचा तो बराच हलका झाला. दसऱ्याच्या आदल्या रविवारी ते दोघे वाडीवर गेले. सुदामने खराट्याने पाचोळा काढून ठेवला होता.

नयनाने बूट घातले. नाड्या दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. उभी राहिली आणि पहिल्या पावलालाच गुडघे आखडले. भिंतीला धरून ती पाच मिनिटं नुसती उभी राहिली. "आज एवढंच," ती म्हणाली, आणि बूट काढून टाकले. शांतारामने पिशवी उचलून खांद्याला लावली.

पुढच्या रविवारी ती भिंतीला धरून खळ्याच्या कडेकडेने गेली. त्यानंतर भिंत सोडून. त्यानंतर डाव्या पायावर. बूट घालून नुसत्या उजव्या पायावर उभं राहायला नोव्हेंबर उजाडला.

त्या सकाळी तिने खडूला दोरी बांधली. दोरीचं एक टोक शांतारामने मध्ये धरलं आणि ती वाकून फिरली. खडू मोडला, पुन्हा घेतला. वर्तुळ थोडं अंड्यासारखं झालं. आंटींचं कधी असं झालं नसतं. आंटी असत्या तर त्यांनी पुसून परत काढायला लावलं असतं.

ती रेघेवर उभी राहिली, डाव्या पायाने ढकललं, आणि उजव्या पायावर सरकू लागली. अर्ध्यावर घोट्यात पट्टीच्या जागी जरा ओढल्यासारखं झालं. तिने श्वास सोडला. वाडीत ऊन उतरत होतं, झाडांखालच्या पेट्यांतून चिकूचा तोच गोडसर वास येत होता. अकरा वर्षांची पोर याच रेघेवर, याच वासात, हात पसरून गेली होती, आणि कडेला उभी एक उंच बाई तिला बजावत होती. पाऊण चक्कर झालं. मग पूर्ण. शेवटी रेघ वीतभर सुटली, पण पाय टेकला नाही.

शांताराम कठड्यावर थर्मासचा चहा ओतत होता. "झालं?" त्याने विचारलं.

"एका पायाचं झालं," नयना म्हणाली. "अजून तीन चक्करं करते. तुम्ही घ्या चहा."