चामराजपेटची कॉफी

बायको गेल्यावर दीड महिन्याने घरातली कॉफी संपली. खालच्या दुकानातून एक पाकीट आणलं, दोन घोट घेतले आणि कप बेसिनमध्ये ओतून टाकला. तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं आपण कुठल्या दुकानाची कॉफी पितोय हेच आपल्याला माहीत नाही. एवढंच ठाऊक होतं की महिन्यातून दोनदा, शनिवारी सकाळी, ती बसने चामराजपेटला जायची आणि दुपारी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत यायची. “सगळं खाली मिळतं, कशाला एवढी लांब जातेस?” असं मी दर वेळी म्हणायचो. ती म्हणायची, “खाली मिळतं ते वेगळं.”

इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. तिथे हिंदी आणि इंग्रजीवर भागायचं. घरी मराठी. कन्नड मला ‘सरी’ म्हणजे ठीक आणि ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, याच्या पुढे आलं नाही, कारण रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी, खालच्या शेजाऱ्यांशी जे काही बोलायचं ते तीच बोलायची. ती गेल्यावर या शहराशी माझं बोलणंच बंद झालं. पुण्याहून मुलीचा रोज संध्याकाळी फोन यायचा, “बाबा, जेवलात?” दिवसातलं माझं बोलणं तेवढंच.

त्या शनिवारी तिची खांद्यावरची पिशवी घेतली आणि चामराजपेटला उतरलो. ही पिशवी तिने माझ्या कारखान्यातल्या जुन्या निळ्या कोटाची शिवली होती, खिसा तसाच बाहेर ठेवून. गल्ल्या अरुंद, दुकानं एकमेकांना चिकटलेली. पत्रावळींचे गठ्ठे, पितळी समया, सुतळीची बंडलं, फक्त खडे मसाले विकणारं एक दुकान. वासावरून तीन कॉफीची दुकानं सापडली. पहिल्या दोन ठिकाणी मला काय हवंय ते मलाच सांगता येईना. “कॉफीत चिकोरी किती मिसळायची?” असं विचारल्यावर मी बाहेर पडलो.

तिसऱ्या दुकानात साठीचा एक गृहस्थ दळणाच्या यंत्रामागे बसला होता. त्याने माझ्याकडे नाही, पिशवीकडे पाहिलं.

“ही अक्कांची पिशवी,” तो मराठीत म्हणाला. जरा वेगळं मराठी, कन्नडच्या चालीवर. “तुम्ही अण्णा काय? या की, बसा. ऐंशी कॉफी, वीस चिकोरी ना, जाडसर?”

मी मान हलवली. त्याने बिया तोलल्या, यंत्र सुरू केलं, आणि त्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, “अक्का कुठं आहेत? लई दिवस झाले.”

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण दीड महिन्यात तिच्याबद्दल असं सहज कुणी विचारलं नव्हतं. सगळे खाली बघून, आवाज बारीक करून बोलायचे. हा माणूस मात्र, ती आता कोपऱ्यावरून येईल अशा आवाजात विचारत होता.

“पुण्याला गेलीय,” मी म्हणालो. “मुलीकडे.”

“सरी, सरी,” तो म्हणाला. “आल्यावर सांगा, आईची वही तशीच आहे.”

वहीचं मला त्याच्याकडूनच कळलं. त्याचं घराणं मराठी, पण किती पिढ्यांपासून इथे आहेत ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. शिक्षण सगळं कन्नडमध्ये. आई मात्र सोलापूरकडची, लग्न होऊन आलेली. तिने पदार्थांची एक वही लिहून ठेवली होती, घाईच्या, वेलांट्या गिळलेल्या अक्षरात. त्याला छापील मराठी कसंबसं वाचता यायचं, हे अक्षर नाही. माझी बायको त्या स्टुलावर बसून एक-दोन पानं वाचायची आणि तो कन्नड लिपीत उतरवून घ्यायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. मला तिने कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी पेपर वाचत असेन.

मग मी दर शनिवारी जाऊ लागलो. एवढी कॉफी लागत नव्हती. डबे भरून कपाटात ठेवत गेलो. तो विचारायचा, “अक्का काय म्हणतात?” मी सांगायचो, नातवाच्या मागे धावून दमते. तिथला पाऊस सोसत नाही म्हणते. एकदा तर म्हणालो, तुमच्या कॉफीची आठवण काढते. तो खूश झाला. तिच्याबद्दल तो मला काय काय सांगायचा. समोरच्या फुलवालीशी ती कन्नडमध्ये भांडायची, मोठ्याने हसायची, वाचताना एखादा पदार्थ आवडला तर “हे मी उद्याच करणार” म्हणायची. म्हणजे आमच्याकडे रविवारी अचानक जे नवे पदार्थ व्हायचे ते इथून यायचे. मी ते न बोलता खायचो.

बसने परत येताना प्रत्येक वेळी ठरवायचो, पुढच्या शनिवारी सांगून टाकू. असे पाच महिने गेले.

एका शनिवारी तो वही उघडून माझी वाटच पाहत होता. “अण्णा, एक मसाला आहे, सुनेला करायचा आहे. अक्कांनी वाचलेलाच, पण एक शब्द उतरवायचा राहिलाय. अक्कांना फोन लावता? दोन मिनिटं.”

मी खिशात हात घातला. फोन काढला. मुलीचा नंबर समोर आला आणि माझा अंगठा तिथेच थांबला.

“ती नाही,” मी म्हणालो. “मार्चमध्येच गेली. मी पहिल्यांदा आलो त्याच्या आधी.”

त्याने यंत्र बंद केलं. दुकानात एक बाई थांबल्या होत्या. त्यांना त्याने कन्नडमध्ये नंतर यायला सांगितलं. मग तो माझ्याकडे वळला.

“मग तेव्हाच का नाही सांगितलं? मी दर वेळी विचारत होतो.”

“म्हणूनच नाही सांगितलं,” मी म्हणालो. “तुम्ही विचारत होता.”

त्याला राग आला होता, आणि तो रास्तच होता. त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि वही माझ्याकडे सरकवली. “मग तुम्हीच वाचा.”

शब्दावर तेलाचा डाग होता. मला फक्त ‘दगड’ दिसत होतं, पुढचं पुसलेलं. स्वयंपाकातलं मला काय कळणार? “दगड असं काहीतरी आहे,” मी म्हणालो.

“मसाल्यात दगड?” तो पुटपुटला, आणि मग एकदम म्हणाला, “दगड म्हणजे कल्लु. कल्लुहूवू! दगडफूल!” आम्ही दोघेही हसलो. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मी वहीकडेच बघत राहिलो.

उरलेली पानं मीच वाचून दिली, दीड महिना लागला. मी अडखळत वाचायचो. ती रंगवून वाचायची म्हणे. शेवटचं पान झालं तेव्हा त्याने वही मिटली, डोक्याला लावली आणि म्हणाला, “झालं की अण्णा.” मी स्टुलावर थोडा वेळ तसाच बसलो. मग गिऱ्हाईक आलं, बसायला जागा नव्हती, मी उठलो.

अजूनही त्याच्याकडूनच कॉफी घेतो. तो नीट वागतो, कधी जास्तीची मूठ टाकतो, पण आमच्यात बोलायचं फारसं उरलेलं नाही. आता तो काही विचारत नाही. मग मी बाकीच्या गल्ल्या फिरतो, जिथे मला किंवा बायकोला कुणी ओळखत नाही. समयांच्या किमती विचारतो. सुतळी बघतो.

परवा एका लोणच्याच्या दुकानात शिरलो. दुकानदार बाईंनी पाकीट उचलता उचलता हिंदीत विचारलं, “घर में कितने लोग हैं?” कुठलं पाकीट द्यायचं ते ठरवायला विचारत होत्या त्या.

“एकच,” मी म्हणालो.

त्यांनी मोठं पाकीट जागेवर ठेवलं आणि लहान काढलं.