गोठलेलं खोबरेल

आज सकाळी खोबरेल तेलाची बाटली गोठलेली निघाली. ती गॅलरीत उन्हात ठेवली, आणि तेल वितळायला लागल्यावर त्या वासासरशी मला परळचा पूल आठवला.

तेव्हा आमच्या सायकल ग्रुपची गोव्याची टूर महिन्यावर आली होती. मी अगदीच नवशिकी. त्या रविवारी पहाटे लालबागहून वरळी कोळीवाड्यापर्यंत सगळ्यांबरोबर टिकले, तरच मला नेणार होते. पुलाच्या चढावर चेन जड झाली, अडकली आणि निसटली. पुढच्यांचे लाल दिवे लहान होत गेले. चेनला बोट लावलं, तर मेणासारखा पांढरा थर, त्यावर रस्त्याची धूळ, आणि वास थेट आमच्या घरातला.

घरी पोचले तेव्हा पप्पा दारातच होते. कड्या, कुलपं, पंखा, सगळ्याला ते खोबरेलच घालायचे.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मी चाळीभर ऐकू जाईल असं विचारलं.

"कुरकुरत होती गं," एवढंच ते म्हणाले.

ग्रुपने आणखी एक संधी दिली, पुढच्या रविवारी मी टिकले, गोव्यालाही जाऊन आले. पप्पा मात्र दर वेळी पहाटे उठून सायकल जिन्यावरून उतरवून द्यायचे, चेनला बोट लागू नये म्हणून अंगापासून लांब धरून. तेव्हा मला ते बरंच वाटायचं.

आता पप्पा नाहीत. सायकल गॅलरीत आहे, कुरकुरते. चेनचं विकतचं तेल बाजूलाच आहे. मी उन्हातली बाटली उचलली, बोटावर थोडं खोबरेल घेतलं आणि चेनपाशी तशीच बसून राहिले.