चिठ्ठी नसलेली पिशवी

बंदरामागच्या गल्लीत लाकडी जमिनीची एक लांबलचक खोली आहे. तिथे गुडघ्यांवर बसून टाकेमावशीने एकतीस वर्षं शिडं शिवली. दोरा तोडून तोडून पुढचा एक दात झिजला, पण शिडाच्या होडीत बाई एकदाही बसली नाही. वेळ मिळाला नाही म्हणे! काही माणसांना सुचतच नाही, दुसरं काय.

शेवटी निघाली ती मैत्रिणीपायी. शाळेत एका बाकावर बसणारी ही मैत्रीण निवृत्त झाल्यावर घर विकून नवऱ्याबरोबर यॉटवरच राहायला गेली होती. आठ वर्षं दोघं किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडली. आता समुद्र ओलांडणार, तीन वर्षं तरी परतणार नव्हती. त्यांच्या यॉटच्या पुढच्या बाजूचं नवं शीड मावशीने शिवलं होतं. यॉट पंधरा मैलांवरच्या खाडीत होती आणि एकच्या भरतीला निघणार होती. उशीर झाला तर जुनं फाटकं शीड लावून जाणार, आणि भेट राहणार.

"ट्रकने पाठव की," मैत्रीण फोनवर म्हणाली.

"मग मिठी ट्रकलाच मार!" म्हणत मावशीने फोन ठेवला आणि दिराला त्याची छोटी होडी काढायला लावली.

सकाळी आठला दोघं बंदराबाहेर पडली. मोठं शीड चढलं, होडी कलली, मावशीने दोन्ही हातांनी कठडा धरला आणि लहान पोरीसारखी खिदळली. पुढचं शीड चढवायला दिराने पिशवी उघडली.

"वहिनी, हे काय?"

आतून लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड निघालं. शेजारच्या हॉटेलवाल्याचं छत!

मावशीचा शिरस्ता असा, की गिऱ्हाइकाच्या पिशवीला चिठ्ठी, घरच्या कामाला नाही. दिराचं शीड दुरुस्त होऊन बिनचिठ्ठीच्या पिशवीत पडलं होतं. पण हॉटेलवाला रोजचा चहा पाजणारा, म्हणून त्यालाही तिने घरचाच धरला होता. दोन्ही पिशव्या बिनचिठ्ठीच्या, सकाळच्या घाईत नको ती उचलली गेली.

"एका शिडावर पोचायला चार वाजतील," दीर हताश होऊन म्हणाला. "परत फिरू."

"फिरू काय? ही दुसरी पिशवी आहे ना!"

"अहो, ते त्यांचं नवंकोरं! आणि आपल्या होडीला मोठं. फाटलं म्हणजे?"

"भाऊजी, शिवलंय कुणी?"

दिराने दुसरी पिशवी सोडली. मावशीने खालचा हातभर भाग गोळा करून दोरीने आवळला. शीड वर गेलं, फडफडलं, आणि फट्कन वाऱ्याने भरलं. होडीने अशी उडी घेतली की दिराची टोपी समुद्रात गेली. मावशी टोपीकडे नव्हे, वर बघत होती. खोलीत नेहमी आडवं पसरलेलं कापड असं पोट फुगवून उभं राहतं, हे तिला ठाऊक होतं, पाहिलं आज. एकेक शिवण ताणली होती आणि एकही टाका हलला नव्हता.

"सुकाणू सोडू नका!" ती ओरडली. "आणखी पळवा!"

बाराला खाडी दिसली. यॉटवर मैत्रीण दुर्बीण लावून उभी होती.

"अगं, माझं शीड लावून आलीस?"

"घालून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही मी!"

मिठी झाली, रडणं झालं, एकमेकींना "किती जाडी झालीस" म्हणून झालं. शीड यॉटवर चढलं आणि भरतीबरोबर यॉट खाडीच्या तोंडाशी बुडालेल्या वाळूच्या उंचवट्यावरून बाहेर पडली. ठिपका होईपर्यंत मावशी हात हलवत राहिली.

"आता आपण कसं जायचं?" दीर म्हणाला.

मावशीने केव्हाच सुई ओवली होती. मांडीवर लाल-पांढरे पट्टे पसरले होते.

"याचंच पुढचं शीड करते. कापत नाही, घाबरू नका. कडा मुडपून कच्चे टाके घालते. तुम्ही दोरी बघा. आणि जाताना सुकाणू मी धरणार."