वर श्री होता म्हणून

जुने कागद बघायला जाताना माझी पिशवी ठरलेली असते: पेन्सिल, मऊ ब्रश, खाली अंथरायला पांढरं कापड, चार्ज केलेला मोबाईल. पेणच्या त्या घरात मोबाईल पिशवीतच राहिला.

घर एका निवृत्त मुख्याध्यापकांचं, एके काळी बरीच जमीन असलेलं. सरांनी पेटीतून एक जुना कागद काढून माझ्यापुढे उलगडला. "फोटो आत्ता नको. गणपती होऊ देत, मग सावकाश काढा. कागद कुठे पळून जातायत?"

मोडी मला जेमतेम लागते. तरी कळलं ते असं: सरांच्या पणजोबांनी कोळशाच्या भट्ट्यांवर लावलेली माणसं आणि प्रत्येकाची वाडी. वरच्याच ओळींत निडी गावाजवळची एक आदिवासी वाडी होती. पुढचं वाचायच्या आत सरांनी घडी घातली. जेवायची वेळ झाली होती.

मी रोह्याला शिकवते आणि त्या वाडीचा इतिहास लिहिते आहे. पण घाई माझ्या पुस्तकाची नव्हती. वाडीवरची मावशी ज्या डोंगरपट्ट्यावर नाचणी करते, तो वनखात्याच्या नावावर आहे. तिच्या वनहक्काच्या दाव्याला, वाडी पूर्वापार तिथेच असल्याचे, एकाहून जास्त पुरावे हवे होते. म्हाताऱ्यांचे जबाब झाले होते. दुसरं काहीच नव्हतं; कुडाची घरं मागे काय ठेवणार?

गणपतीनंतर गेले. दिवाणखान्याला नवा रंग आणि भिंतीवर नवी चौकट. तिच्यात लाल मखमलीवर पणजोबांचा शिक्का आणि सही, कात्रीने गोल कापून चिकटवलेली.

"बाकीचा कागद, सर?"

"त्याचं विसर्जन केलं."

मला थट्टा वाटली.

"अहो, वर श्री लिहिलेला. रद्दीत घालायचा? कुणाच्या पायाखाली आला असता. निर्माल्याबरोबर धरमतरच्या खाडीत सोडला. अख्खी पेटीच म्हणा ना."

"प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून," काकू चहा ठेवत म्हणाल्या. "केवढी ती वाळवी! मला तर नुसत्या शिंका."

या माणसाने जन्मभर इतिहास शिकवला होता. मी आवाज चढू दिला नाही. "मग एवढं लिहून द्या, की असा कागद घरात होता आणि त्यात ही वाडी होती."

"तोंडी कुणालाही सांगेन. सहीबिही नको हो, उद्या वनखातं माझ्या दारात. तुम्ही असं करा, पुस्तकात चौकटीचा फोटो घ्या. पूर्ण पान द्या."

चहावर साय धरली होती. तो मी तसाच ठेवून उठले.

वाडीवर मावशी सुकट निवडत होती. मी झालं ते सांगितलं.

"पान्यात सोडला? श्री व्हता म्हनून?"

"हो."

"मंग जा खाडीवर, चिखलातल्या निवट्या माशांना इचार. त्यांनी वाचला असल." ती स्वतःच हसली आणि हातातली सुकट खाली ठेवली. "आमच्या वाडीचा नाव पन व्हता ना गो त्यावर? त्याला नाय कोनी हात जोडलं."

मी म्हणाले, मी जे डोळ्यांनी वाचलं ते लिहून देते. कागद नाही, प्रत नाही, त्यामुळे वजन कमी पडेल.

"माझ्या आजेसासऱ्याचा नाव व्हता का?"

"तिथवर वाचलं नव्हतं."

"व्हता म्हनून लिव ना, बाई. तो भट्टीवरच मेला, सगल्यांना ठाव हाय."

लिहिता आलं असतं. तपासणार कोण आणि कशावरून? सरांची ती गोल कापलेली सही डोळ्यांपुढे आली आणि मला शिसारी आली. उद्या तो कागद खरा होता की नव्हता हे फक्त माझ्या शब्दावर ठरणार होतं, आणि त्यात मी एक खोटं नाव मिसळलं तर उरलेलंही गेलं.

"नाय लिवत ना?" मावशी म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

मी वाडीचं नाव लिहिलं, कोळशाच्या भट्ट्या लिहिल्या, कागद कुणाच्या घरी पाहिला आणि त्याचं पुढे काय केलं तेही लिहिलं. खाली सही केली.