चुकलेल्या गोळीमागची सुरी

राजापूरच्या जमालुद्दीनचा हात कधी थरथरला नाही. रियाधच्या कडेला, अल सुलैमध्ये, कफीलाचं, म्हणजे त्याला कामावर आणणाऱ्या अरब मालकाचं, गोदाम राखायचं आणि त्याच्या घरी लग्न, ईद, पाहुणा असला की जनावर हलाल करायचं, ही त्याची बारा वर्षांची नोकरी. जनावराला दिसू नये म्हणून सुरी तो पाठीमागे धरून न्यायचा. मऊ मनाचा माणूस, पण गळ्यावरून हात एकदाच फिरे.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत कुवेतवरून लढाई पेटली. क्षेपणास्त्राचा जळता तुकडा शेजारच्या आवारात पडला, तेव्हा तिथल्या रखवालदाराला पत्र्याखालून जमालुद्दीननेच ओढून काढलं. अर्धाच निघाला. जमालुद्दीनने खांद्यावरचा पंचा त्याच्या तोंडावर घातला आणि उरलेला शोधायला पुन्हा वाकला.

कफीलाला मात्र लढाईपेक्षा रानरेड्यांचं वेड मोठं. लढाई थांबताच टांझानियाच्या दलदलीत शिकारीला जायचं, हे त्याचं पक्कं. तिकडचा वाटाड्या इब्राहीम बेत ठरवायला आला आणि विमानं बंद झाल्याने गोदामातच अडकला. मग रोज नकाशा पसरायचा. होड्या कुठे लावायच्या, लव्हाळ्यात वारा कुठून येतो, कुठली बंदूक कुणाकडे.

"रेडा पडला तरी जवळ जायचं नाही," इब्राहीम म्हणाला. "लांब काठीने डोळ्याला शिवायचं. पापणी हलली, की पुन्हा गोळी."

"आणि मांस? जीव आहे तोवर सुरी फिरायला हवी," कफील म्हणाला. "पापणी हलली, की जमाल पुढे जाईल."

जमालुद्दीनचा चहा हातातच राहिला. त्याच्या थोरल्या भावाला रानात गव्याने मारलं होतं. उभ्या नव्हे, गोळी खाऊन पडलेल्या गव्याने. करवंदीच्या जाळीवर अडकलेली आतडी जमालुद्दीननेच सोडवून घेतली होती. पण राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, पासपोर्ट, सगळं कफीलाच्या कपाटात. नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं, असं तो बाहेर येऊन बोलला.

"याच तोंडाने म्हण," ड्रायव्हर गफूर म्हणाला. तो अलिबागकडचा, जिभेला हाड नसलेला. "हिंदूंचा यम म्हणे रेड्यावर बसून दारात येतो. तुला पहिलाच बघतोय, जो विमानाने रेड्याकडे चाललाय! तुझ्या बायकोला मी काय सांगू?"

जमालुद्दीन हसला, पण त्या दिवशी जेवला नाही.

फेब्रुवारीत कफीलाने तालीम ठेवली. हुफूफला त्याची खजुराची बाग होती. बागेचं पाणी साठे तिथे लव्हाळे आणि गुडघाभर चिखल. एक दांडगा वळू तिथे मोकळा सोडला. डोक्यावरून लढाऊ विमानं उत्तरेला चाललेली. त्या आवाजात बार कोण ऐकणार?

कफीलाने गोळी झाडली. ती पोटात बसली. वळू हंबरडा फोडत लव्हाळ्यात घुसला आणि आडवा झाला.

"यल्ला, चल जमाल!"

जमालुद्दीनने काठीने डोळ्याला शिवलं. पापणी हलली.

"मागे हो!" इब्राहीम ओरडला.

"काप!" कफील ओरडला.

जमालुद्दीन बिस्मिल्ला म्हणून वाकला, तोच वळूने मान झटकली. शिंग मांडीत शिरलं. चिखलात आपटलेल्या जमालुद्दीनला वळूने दोनदा रेटलं. इब्राहीमला गोळी घालता येईना, मध्ये माणूस. शेवटी जमालुद्दीनने एका हाताने शिंगाला मिठी मारली आणि पडल्या पडल्याच सुरी ओढली. गरम रक्ताची चिळकांडी त्याच्या डोळ्यांत, तोंडात गेली.

"शाबास!" कफील म्हणाला. "तिकडेही अस्संच."

गफूरने स्वतःचा शर्ट फाडून मांडी आवळली. त्याच्या खांद्याचा आधार घेऊन जमालुद्दीन उभा राहिला. आवाज चढवणं त्याला जमतच नसे.

"शेख, बिस्मिल्ला म्हणून झाडलेली गोळी काळजात बसली, तर शिकार तिथेच हलाल होते. सुरी लागते ती गोळी चुकल्यावर. तुमच्या चुकलेल्या गोळीमागे मी जाणार नाही. हवं तर मला घरी पाठवा."

"तुझ्यावाचून अडलंय?" कफीलाने चिखलातली सुरी उचलली. "मी स्वतः जाईन."

इब्राहीमने काठी पुढे केली. "मग आत्ताच शिवून पाहा, शेख."

कफील दोन पावलं गेला. मरत्या वळूने मागचा पाय झाडला, रक्ताचा चिखल पांढऱ्या झग्यावर उडाला, आणि कफील मागे सरला तो थेट बांधापर्यंत.

"खलास," तो झगा झटकत इब्राहीमला म्हणाला. "जमालचं नाव खोड. माझी गोळी चुकली, तर सुरी नको, रेडा तुमच्या दलदलीतल्या मगरींचा."

गफूरने जमालुद्दीनला गाडीत आडवं घातलं आणि दवाखान्याची वाट धरली.

"जमालभाय, सीटला रक्त लागतंय. कफीलाची गाडी आहे."

"लागू दे," जमालुद्दीन म्हणाला.