सोडतीचा पेढा

घरांच्या सोडतीला शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन. हजारो अर्ज, घरं मोजकीच. शक्यतेचा हिशेब करून मी रिकाम्या हातानं गेलो होतो. नाव पुकारलं गेलं ते माझं. त्यांचं शेवटपर्यंत आलंच नाही.

मांडीवरचा पुडा पाहून शक्यता वाढत नाही, हे मला कळतं. तरी मी त्यांची नजर चुकवत उठलो. त्यांनीच पुडा सोडून पुढे केला. "घ्या दादा, आणलेत तर कुणाचं तरी तोंड गोड होऊ दे."

मी पेढा खाल्ला. आता या घरात इतकी वर्षं राहतोय, पण कुलूप काढताना अजून वाटतं, आतून त्याच विचारतील, "कोण हवंय आपल्याला?"