ती त्याला काय म्हणाली

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. पिंपरीच्या कारखान्यात फिटर होतो, शिक्षण सातवी. स्मशानाला लागून असलेल्या शेडमध्ये अमावास्येच्या तिसऱ्या पाळ्या केल्यात, एक मांजरसुद्धा आडवं गेलं नाही. या पानावरचं तुमचं भुताखेतांचं लिखाण वाचून मी हसायचो. आता माझंच लिहितोय. चुका असतील, राहू द्या.

जागा सिंगापूर, बुओना व्हिस्टा. आमच्या मुलाचा, नितीनचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, अकरावा मजला; आम्ही नवरा-बायको त्याच्याकडेच राहायचो. साल दोन हजार सतरा. त्याआधीपासून दर रविवारी चार वाजता त्याच्या हॉलमध्ये मंडळी जमायची. एका परदेशी दिग्दर्शकाचे भक्त. दुसरा शब्द नाही, भक्तच. त्या माणसाच्या पिक्चरला शेंडा ना बुडखा. बाई कपाट उघडते, आत समुद्र. आणि ही शिकलेली पोरं तीन-तीन तास भांडणार, समुद्र म्हणजे काय!

भांडणारे मुख्य दोघं. मंदार, नितीनच्या ऑफिसातला. आणि गौरी, बँकेतली.

"सिरियल त्यानं पोटासाठी केली गं. खरा तो सिनेमात दिसतो."

"तुला सिरियल झेपली नाही, म्हणून सिनेमा आवडतो. कबूल कर."

"सगळे भाग तीनदा पाहून तुला तरी काय कळलं?"

"कळायचं नसतंच, मंद्या!"

मग बघता कशाला? मी आतून ओरडायचो. नितीन म्हणायचा, "बाबा, प्लीज."

ती सिरियल खूप वर्षांपूर्वी अर्धवट बंद पडलेली. तळ्याकाठच्या हॉटेलात चादरी धुणारी एक बाई असते, ती नाहीशी होते. बस. ती मेली की जिवंत आहे, यावर यांचे रविवार जायचे.

माझी बायको सुलभा मात्र त्यांच्यात बसायची. इंग्रजी शून्य. मांडीवर परात घेऊन मेथी निवडायची आणि बघायची. ही पोरं विचारणार, "काकू, तुमची थिअरी काय?" आणि हसणार. तिच्या हातची साबुदाण्याची खिचडी चापायची आणि वर तिलाच हसायचं!

ती म्हणायची, "मेली नाही रे ती. तिला काहीतरी सांगायचंय. ऐकून घ्यायला कोणी नाही."

मला राग यायचा. त्यांचा, आणि हिचाही.

मग सुलभा आजारी पडली. हॉस्पिटलात बावीस दिवस. शेवटच्या गुरुवारी दुपारी मी तिच्याजवळ बसून संत्रं सोलत होतो. साल अखंड काढायची माझी सवय. ती एकदम म्हणाली, "अहो, ती बाई परत आली. काल पाहिली मी."

"कुठं पाहिलीस? इथला टीव्ही बंद आहे."

"ऐका तर. एक म्हातारा संत्रं सोलत बसलाय. ही येते अनवाणी, बूट हातात. बूट त्याच्यासमोर टेबलावर ठेवते. तो वर बघतच नाही. मग ती संत्र्याची साल उचलते, खिशात घालते. आणि त्याला म्हणते—"

"पुरे गं तुझी सिरियल! गप पड जरा. हे खा."

गप पडली. फोड खाल्लीच नाही. संध्याकाळी गेली.

बेचाळीस वर्षं संसार केला आणि माझं शेवटचं बोलणं काय, तर 'गप पड'.

चौदा महिन्यांनी त्याच सिरियलचे नवीन भाग सुरू झाले. तोच दिग्दर्शक, आता म्हातारा. रविवारची जत्रा पुन्हा भरली. मी खोलीचं दार लावून बसायचो. तिची सोफ्यावरची जागा आता मंदारच्या ढुंगणाखाली, ते बघवत नव्हतं.

शेवटचा भाग होता त्या दिवशी मी पाण्यासाठी बाहेर आलो. हातात तांब्या. पडद्यावर एक म्हातारा... संत्रं सोलतोय. अंगठ्यानं, अखंड साल.

तोंडातून निघून गेलं, "आता ती येईल. अनवाणी. बूट हातात."

"काका, स्पॉइलर देऊ नका हां!" मंदार हसला.

ती आली. अनवाणी. बूट हातात.

"बूट टेबलावर ठेवेल," मी म्हणालो. तिनं ठेवले. कोणी हसलं नाही. "साल खिशात घालेल." तिनं घातली. मग त्या बाईनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं—

आणि पडदा काळा. नावं सुरू.

"पुढचा भाग लावा."

"काका, संपली. हाच शेवट," गौरी म्हणाली.

मंदार टाळ्या वाजवत उठला. "काय माणूस आहे! बोलूच दिलं नाही तिला! जीनियस!"

मी तांब्या भिंतीवर हाणला. पोचा अजून आहे तांब्याला. म्हटलं, "हरामखोर आहे तो! आणि तुम्ही टाळ्या वाजवता?"

मग सगळं सांगितलं, हॉस्पिटलातल्या त्या गुरुवारचं. मंदार म्हणाला, "काका, कुठंतरी लीक झालं असेल." आणि फोनवर शोधायला लागला. थोड्या वेळानं फोन खाली ठेवला. चित्रीकरणच ही गेल्यानंतर पाच महिन्यांनी सुरू झालं होतं. सुलभाकडे तर साधा बटणांचा फोन.

नितीननं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "बाबा... पुढे काय म्हणाली आई?"

काय सांगणार पोराला? मी म्हटलं, "मी ऐकलं नाही."

मंडळी अजून व्हॉट्सॲपवर भांडतात, बाई काय बोलली असेल. गौरीचं एक, मंदारचं दुसरं, रोज नवीन. त्या दिग्दर्शकाला विचारलं तर तो म्हणे नुसता हसतो. हसू दे. त्याचं उत्तर मला हवंय कशाला? ते वाक्य ठाऊक असलेली एकच होती, आणि तिला मी गप केलं. तिनं ते कुठं पाहिलं, कसं पाहिलं, मला आजही कळलेलं नाही. तुम्हालाही कळणार नाही, तेव्हा थिअऱ्या पाठवू नका. पुष्कळ ऐकल्यात.

रोज दुपारी मी टेबलापाशी बसून संत्रं सोलतो. सिरियलमधला म्हातारा वर बघत नव्हता. मी बघतो.